समोरासमोरचे बाक

१

हार्लन्स बेंड गावात मंगळवार उजाडला की लिडा हावलिक नदीकाठच्या जुन्या ट्रामशेडचं कुलूप काढायची आणि तिच्या मागोमाग मंगळवारची टोळी आत शिरायची. टोळीतलं एकमेव तरुण माणूस म्हणजे लिडा; बाकी सगळे निवृत्त. ऑर्लिन टॉर्गरसनची हयात विजेच्या खांबांवर गेली होती, म्हणून ट्रामची वीज आणि ट्राम चालवणं त्याच्याकडे. डोरीन वेताचे बाक विणायची आणि विणता विणता एकेकाची सालटी काढायची. गेल्या हिवाळ्यापासून लिडाचे वडीलही येत होते. आधी कॉफी, डोरीनच्या हातचे जर्दाळू भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाची, हवेला चार शिव्या, आणि मग काम.

काम एकच. अठरा नंबरची ट्राम पुन्हा रुळावर आणायची.

गावातली ट्राम बंद पडली तेव्हा डबे येईल त्याला देऊन टाकले होते. एकात कोंबड्या राहिल्या, एकात गवत साठवलं गेलं. अठरा नंबर तळ्याकाठच्या पाइनच्या रानात नेऊन कुणीतरी त्यात संसार थाटला. वर छप्पर चढवलं, भोवती फळ्या ठोकल्या, आणि हळूहळू ट्राम घराच्या पोटात गेली. म्हणूनच ती वाचली. पुढे ते घर पाडताना आतून अख्खा डबा निघाला, तेव्हा लिडा समुद्रापलीकडे ड्रेस्डेनला जुनं लाकूड जपण्याचं शिक्षण घेत होती. आई गेली म्हणून ती परत आली. मग या ट्रामसाठी राहिली.

नगरपालिकेच्या सभेत ती तावातावाने बोलली होती. "आपण सगळे आपापल्या गाडीत काचा वर करून फिरतो. ज्या गावात अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागत नाही, ते गाव कसलं?" टाळ्या पडल्या. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नदीकाठच्या रुळांवर अठरा नंबर धावेल असं ठरलं. नाही धावली तर शेड दुसऱ्या कुणाला तरी भाड्याने द्यायची, हेही त्याच सभेत ठरलं.

ट्राम बांधली गेली तेव्हा जशी होती तशीच ती व्हायला हवी, यावर लिडा अडून बसली. म्हणून घराच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. भिंतींचा चेरीच्या चित्रांचा कागद खरवडला, लिनोलियम उचकटलं, भांड्यांची फळी काढली, छताला शेगडीच्या धुराड्यासाठी पाडलेलं भोक बुजवलं. निघालेला सगळा कचरा शेडमागे जाळला. "घर हा तिला जडलेला आजार होता," लिडा तेव्हा म्हणाली होती. ते वाक्य तिचं तिलाच आवडलं होतं.

२

मार्चमधल्या एका मंगळवारी डोरीन ट्राममध्ये चढली आणि तिथूनच ओरडली, "इथे पत्ते कुटत कोण बसलं होतं रे?"

रूळ संपतात तिथे ट्राम वळत नाही. छतावरची विजेची दांडी दुसऱ्या बाजूला फिरवायची आणि आली तशीच परत निघायचं. म्हणून तिच्या बाकांच्या पाठी उलटवता येतात. कंडक्टर मधल्या वाटेने चालत जातो, एकेका पाठीच्या कडेचा पितळी कान धरून पलीकडे ढकलतो, खडाक्, खडाक्, खडाक्, आणि सगळे प्रवासी पुन्हा पुढे तोंड करून बसायला मोकळे. शेडमधला नियम असा, की घरी जाताना सगळ्या पाठी नदीकडच्या मोठ्या दाराच्या दिशेला लावून जायचं. लिडा त्याबाबतीत फार काटेकोर होती.

त्या दिवशी डाव्या बाजूला, डब्याच्या मधोमध, एका बाकाची पाठ उलटी होती. त्यामुळे दोन बाक समोरासमोर आले होते.

"ऑर्लिनच असणार," डोरीन म्हणाली. "याला पाय पसरायला समोर जागा लागते."

"माझे पाय बघितलेस कधी? हा बाक काय, ट्राम पुरायची नाही."

"बघितलेत. म्हणून तर विणकाम डोळे मिटून करते."

लिडा हसली. तिने पाठ सरळ केली. खडाक्. वडील मागच्या पायरीवर उभे राहून कॉफी पीत होते. ते त्या बाकांकडे बघत होते.

पुढच्या मंगळवारी तोच बाक पुन्हा उलटा होता.

३

आई गेल्यापासून लिडाचे वडील घरात टेबलावर बसून जेवले नव्हते. लॅड हावलिक म्हणजे एकेकाळी अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं हसणारा माणूस. आता ते स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उभे राहून, ताटली हातात धरून, खिडकीबाहेर बघत चार घास पोटात ढकलायचे आणि लगेच ताटली धुऊन टाकायचे. लिडा समोर बसली तरी ते उभेच. "तू खा गं," म्हणायचे. "मला बसून जात नाही."

म्हणून ते ट्राममध्ये बसून जेवायला लागले तेव्हा तिला बरंच वाटलं. दुपारी डबा घेऊन ते त्या मधल्या बाकावर जायचे. तिने दाराच्या काचेतून पाहिलं, तर सावकाश, चवीने खात होते. मध्येच मान हलवत होते. स्वतःशी बोलत असतील, तिला वाटलं. एकटी माणसं बोलतात.

मग आणखी काही गोष्टी दिसायला लागल्या. ते ट्राममध्ये चढताना बूट काढून पायरीवर जोडीने ठेवायचे. मधल्या वाटेने जाताना एका ठिकाणी अंग तिरकं करायचे, कमरेशी टेबलाचा कोपरा लागणार असल्यासारखं. दोन पावलं पुढे, तिथे वर काहीच नव्हतं, तरी मान वाकवायचे. लिडा तिथे जाऊन उभी राहिली. वर छताची नवी, गुळगुळीत फळी होती. धुराड्याचं भोक बुजवलं होतं ते तिथेच, पण आता ते शोधून काढायला तिलाही हात फिरवावा लागला.

बाबा टोळीत आले ते भोक बुजवल्यानंतर. घर असतानाचा डबा त्यांनी पाहिलाच नव्हता.

उंच माणसांना वाकायची सवय असते, तिने स्वतःला सांगितलं. बाबा उंच नव्हते.

४

एप्रिलच्या सुरुवातीला, एका दुपारी, शेडमध्ये ती एकटी होती. ऑर्लिन आणि डोरीन घरी गेले होते, बाबा स्क्रू आणायला हार्डवेअरच्या दुकानात. बर्फ वितळून नदी भरली होती आणि तिचा एकसुरी आवाज भिंतींतून येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. लिडा बाजूच्या खोलीत खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होती. लाकडाच्या कुरळ्या सालींचा पायाशी ढीग झाला होता. वरच्या तावदानांतून येणारं ऊन त्यावर पडलं होतं, आणि तिला पेंग येत होती.

खडाक्.

तिने रंधा थांबवला. कंडक्टर बाक उलटवत निघाला की एका आवाजामागून दुसरा येतो. ती दुसऱ्याची वाट बघत राहिली. तो आला नाही. त्याऐवजी लाकडी फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

ट्राममध्ये खुर्ची नव्हती.

ती गेली. जाताना उगीचच मोठ्याने म्हणाली, "बाबा, आलात का?" डब्यात कुणी नव्हतं. ते दोन बाक समोरासमोर होते, आणि त्यांच्यामधल्या खिडकीवर आतून वाफ धरली होती. फक्त त्याच खिडकीवर. बाकीच्या काचा स्वच्छ, त्यांतून शेडच्या विटा दिसत होत्या. तिने वास घेतला. जवसाचं तेल, व्हार्निश, आणि त्याखाली, अगदी मंद, चरबीत परतलेला कांदा.

व्हार्निश वाळताना ओल सोडतं. ऊन नेमकं त्याच काचेवर येत असेल. पुलापलीकडे खाणावळ आहे, वारा तिकडून असेल. कारणं भराभर सुचत गेली, एकेक करून सगळी पटण्यासारखी. ती त्या जागी गुडघ्यावर बसली आणि हाताचा तळवा फरशीवर ठेवला. मेपलची नवी फरशी तिने स्वतः बसवली होती. तळव्याखाली ती कोमट लागत होती.

त्या दिवशी निघताना तिने पाठ सरळ केली आणि पितळी कान बाकाच्या पायाला सुतळीने करकचून बांधला. गाठीवर गाठ मारली. शेडची किल्ली तिच्याकडेच होती.

मंगळवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आत गेली. बाक उलटा होता. सुतळी कापलेली नव्हती, तोडलेली नव्हती. गाठी सोडवून, नीट गुंडाळून, तिचा छोटा गोळा खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. टोक आत खोचलेलं. तिच्या आजीच्या पिढीतल्या बायका ठेवायच्या तसा. दोऱ्याचा तुकडाही वाया जाऊ न देणाऱ्या बायका.

लिडाने तो गोळा उचलला नाही.

५

"बाबा, तुम्ही सोडलीत ना सुतळी?"

घरी, मोरीपाशी. ते पाठमोरे उभे होते. हातात ताटली.

"कसली सुतळी?"

"मस्करी नका करू. माझी किल्ली घेऊन गेला होतात?"

"मी रात्री नऊला झोपतो, लिडा. तुला घोरणं ऐकू येत नाही का? तुझी आई म्हणायची, शेजारच्या गावाला ऐकू जातं." ते हसले. आई गेल्यापासून तिचं नाव काढून ते पहिल्यांदाच हसले होते. लिडाला त्या हसण्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मग कोण?"

त्यांनी नळ सोडला, ताटली धुतली, फडक्याने पुसली. मग म्हणाले, "ते उद्घाटन थोडं पुढे ढकलता नाही का येणार?"

"का?"

"घाई काय आहे? जरा ऊन पडू दे. धाकटीचा खोकला अजून गेला नाहीये."

"कुणाची धाकटी?"

ते वळले. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, भ्रमही नव्हता. आपण जरा जास्त बोललो अशी ओशाळी छटा होती फक्त. "तू दमली आहेस," ते म्हणाले. "जा, झोप."

ती झोपली नाही. डॉक्टरांना विचारावं, असं आधी मनात आलं. मग तिने ते वेगळ्या बाजूने पाहिलं. बाबांची चूक नव्हती. चूक अर्धवट कामाची होती. जोवर डबा शेडमध्ये एका जागी उभा आहे, तोवर तो घरच आहे. घर एका जागी उभं असतं. एकदा का चाकं फिरली, वीज खेळली, घंटा वाजली, की तो ट्राम होईल. मग जे काही त्यात चिकटून बसलंय ते सुटेल. आणि बाबा तिच्याकडे परत येतील. मेपर्यंत थांबायचं नाही. याच आठवड्यात चाचणी घ्यायची.

डब्यात कुणीतरी आहे हे आपण कबूल करून बसलो, हे तिच्या लक्षात आलं. तिने दिवा लावला आणि उजाडेपर्यंत तसाच ठेवला.

६

चाचणीच्या सकाळी नदीवरून धुकं आलं आणि शेडच्या दारातच येऊन थांबलं. डोरीन हातात लाल झेंडी घेऊन पुढच्या फाटकावर उभी राहायला निघाली होती.

"मला धुक्यात कुणी उडवलं तर बाक अर्धे राहतील, सांगून ठेवते."

"तुला उडवायला मालगाडी लागेल," ऑर्लिन म्हणाला. तो आज टाय लावून आला होता. लिडाकडे वळून म्हणाला, "काय प्रोफेसरीणबाई, पोटात गोळा?"

"तुम्ही फक्त हळू चालवा, ऑर्लिन."

"पोरी, यापेक्षा हळू चालवलं तर लोक उतरून ढकलायला लागतील."

बाबा आले तेव्हा ती थबकली. धुतलेला पांढरा शर्ट, ओले करून मागे वळवलेले केस. रविवारी कुणाकडे जेवायला बोलावलं असावं तसे. चाचणीला माणसं नेत नाहीत, ती सांगणार होती. त्यांनी पायरीवर बूट काढले, जोडीने ठेवले, मग जरा विचार करून उचलून आत घेतले, आणि मधल्या बाकावर जाऊन बसले. तिने ते दोन बाक पहाटेच सरळ केले होते. आता ते समोरासमोर होते.

राहू दे, ती मनात म्हणाली. पलीकडच्या टोकाला सगळेच फिरवायचे आहेत.

तिने छताजवळची दोरी दोनदा ओढली. घंटा वाजली. अठरा नंबर कण्हली, हलली, आणि मोठ्या दारातून धुक्यात शिरली.

लिडाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षं ती या आवाजाचं स्वप्न बघत होती. चाकांचा ठेका, तारेवर घासणाऱ्या दांडीची सळसळ, लाकडाचं अंग मोडून बोलणं. डोरीनची झेंडी एक लाल ठिपका होऊन मागे गेली. नदी दिसत नव्हती, रस्ता दिसत नव्हता. सगळीकडे पांढरं, मऊ, आणि त्यातून ट्राम कुणाची झोप मोडू नये अशी जात होती. झालं, तिला वाटलं. सुटलं सगळं.

मग तिला कांद्याचा वास आला.

७

जुन्या गिरणीपाशी रूळ संपले. ऑर्लिनने ब्रेक लावला, ट्राम चालवायचं हँडल काढून घेतलं आणि खाली उतरला. दांडी फिरवून तो दुसऱ्या टोकाच्या दाराने चढणार होता. बाहेरून त्याचा आवाज आला, "बाक फिरव गं!"

लिडा मागून सुरुवात करत आली. खडाक्. खडाक्. हात आपोआप चालत होते. उजवीकडचा, डावीकडचा. मध्यावर आली.

बाबा खिडकीशी बसले होते. बूट बाकाखाली. हात मांडीवर, वाढायची वाट बघत असल्यासारखे. खिडकीवर वाफ दाटली होती, तिचे ओघळ खाली येत होते.

"उठा, बाबा. हा बाक फिरवायचाय."

"मी उठतो," ते हळूच म्हणाले. "पण त्यांना नको उठवू. आत्ताच बसलेत."

लिडाने त्यांच्या समोरच्या बाकाकडे बघायचं टाळलं. तिने त्या बाकाच्या पाठीचा पितळी कान धरला. काम आहे, ती स्वतःला म्हणाली, रोजचं काम आहे. आणि ढकलला.

तो हलला नाही. बिजागरी अडकल्यावर हाताला लागतो तसा हा अडथळा नव्हता. बिजागरी तिनेच तेलात भिजवली होती. पाठीला कुणीतरी टेकलेलं असावं तसं, जिवंत, किंचित मागे रेलणारं वजन होतं ते. तिने बळ लावलं. आतून कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडं. मग ते आवरलं, कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखं.

आता तिला बघावं लागलं. बाक रिकामा होता. डोरीनने महिनाभर खपून विणलेला ताणलेला वेत दोन जागी खाली दबला होता. एक मोठा खळगा, एक लहान. लहान खळगा तिच्या डोळ्यांदेखत जरा हलला, मोठ्याच्या जवळ सरकला.

"घाबरली ती," बाबा म्हणाले. तिच्यावर रागावले नव्हते. त्यांच्या आवाजात एक जुनी माया होती, ती लिडाने लहानपणी स्वतःसाठी ऐकली होती. "सोड ना, लिडा."

तिला कळत होतं की अजून जोर लावला तर पाठ उलटेल. खडाक् होईल आणि बाक रिकामा होईल, ट्राम ट्राम होईल, मे महिन्यात बँड वाजेल. आणि बाबा घरी जाऊन उभ्याने जेवतील. तिने त्यांच्याकडे पाहिलं. गाल भरले होते. हे तिच्या लक्षात कसं आलं नव्हतं? कुणीतरी त्यांना नीट खाऊ घालत होतं.

तिचे हात पितळेवर होते. पितळ गरम होतं. मग तिने बोटं सोडवली, एकेक करून.

ऑर्लिन त्या टोकाला चढला. हँडल बसवल्याचा ठक्क आवाज आला. "झालं का?" तो ओरडला.

वाफेने भरलेल्या काचेवर, आतून, कुणीतरी तळव्याएवढी जागा पुसली. लिडाने हात पाहिला नाही. फक्त पुसली जाणारी काच पाहिली. त्या गोलातून धुकं दिसायला हवं होतं. तिथे पाइनची झाडं होती, त्यांच्यामागे चमकणारं तळं, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. त्यात एक पांढरा शर्ट.

बाबांच्या शेजारची जागा मोकळी होती. तिने पायांतले बूट काढले. बसली. तिच्या गुडघ्याला समोरून एक गुडघा लागला, आणि मागे घेतला गेला नाही.

वरची दोरी दोनदा ओढली गेली. घंटा वाजली. चाकं फिरू लागली, आणि त्या पुसलेल्या गोलातली झाडं होती तिथेच उभी राहिली.

"लिडा!" पुढून ऑर्लिनचा आवाज आला, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. "बाक फिरवलेस ना सगळे?"

"हळू, ऑर्लिन," ती म्हणाली. "सूप सांडेल."